रत्नाक्काचा हात

रत्नाक्का गेली त्या दिवशी आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांनी तिच्याबद्दल लिहिलं. शांत स्वभावाची, मनमिळाऊ, सगळ्यांना सांभाळून घेणारी. मी कागलकडच्या एका कारखान्यात हिशेबाच्या कामाला आहे. चुकीची नोंद दिसली की मला गप्प बसवत नाही. रत्नाक्का शांत नव्हती. ती अंगणात बोलायला लागली की कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना ऐकू जायचं. आणि सांभाळून घेणं म्हणाल, तर जे तिला पटलं नाही ते तिनं एकदाही सांभाळून घेतलं नाही. या गोड शब्दांखाली खरी बाई पुसली जाऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये छातीइतकी भिंत. माहेर कोडोलीचं, मालक एसटीत मेकॅनिक, मूलबाळ नाही. ठेंगणी, रुंद हाडाची, चालताना जमिनीवर राग असल्यासारखी पावलं टाकणारी. कॉलनीत कुणाचाही स्वयंपाक अडला की फोन तिला जायचा. पण एखादा पदार्थ कसा करायचा असं विचारलं की ती लगेच सांगत नसे.

‘‘घरात काय काय हाय ते सांग आधी,’’ म्हणायची.

मग पलीकडची बाई एकेक डबा उघडून सांगत जायची आणि आक्का त्यातूनच आमटी उभी करायची. खोबरं नाही? शेंगदाणे असतील. तेही संपले? मग चमचाभर डाळीचं पीठ भाजून लाव. चिंच नसली तर आमसूल, आमसूल नसलं तर टोमॅटो, आणि टोमॅटो महाग झाले असले तर, ‘‘ताकात कर. आमटी न्हाई म्हणायचं, कढी म्हणायचं. कोण पोलिसात देतंय?’’ एखादी वस्तू नाही म्हणून पदार्थ करायचा नाही, हे तिला मान्यच नव्हतं. ‘ते नसेल तर करू नको’ असं तिच्या तोंडून मी फक्त मिठाबद्दल ऐकलं आहे.

माझी पत्नी अनिता शाळेत शिकवते. तिची सकाळची शाळा सुरू झाली तेव्हा डबे करायचं काम माझ्याकडे आलं, आणि मीही भिंतीपाशी जाऊन उभा राहू लागलो. मला मोघम बोलणं चालत नाही. ‘मूठभर पीठ’, ‘बोटभर पाणी’ म्हणजे नक्की किती? शेवटी मी स्वयंपाकघरात ठेवायचा छोटा वजनकाटा विकत आणला आणि आक्काला घरी बोलावलं.

‘‘हे काय रं विलास?’’

‘‘वजनकाटा आहे. तुमच्या एका मुठीत किती पीठ मावतं ते बघतो.’’

‘‘सोनं इकायचं हाय व्हय?’’

तरी मी वजन केलं. तीन भाकरींना तिनं तीन मुठी घेतल्या आणि तिन्हींची वजनं वेगळी आली. मला आनंद झाला. म्हटलं, ‘‘आक्का, तुमची मूठ दर वेळी वेगळी भरते.’’

‘‘भरणारच की. पयलं पीठ जुनं हुतं, दुसरं काल दळल्यालं, आन् तिसऱ्या टायमाला तुझी बडबड चालू हुती.’’

भाकऱ्या तिन्ही सारख्याच झाल्या होत्या. तो काटा हल्ली अनिता पार्सलं तोलायला वापरते.

सांगण्यात तिला काहीच हातचं राखता येत नसे. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायला आम्ही मिरच्या घेऊन डंकावर जातो. डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. तिथं नंबर लावून बसलेल्या बायका आपापल्या चटणीचं माप सहसा सांगत नाहीत, एकमेकींच्या पिशवीत मात्र डोकावतात. आक्का तिथं बसून कुठली मिरची किती, कांदा वाळवून घ्यायचा की तळून, धणे कमी पडले तर काय करायचं, हे यंत्राच्या आवाजावर आवाज काढून सांगायची. एकदा एक ओळखीची बाई तिला म्हणाली, ‘‘आक्का, घरचं तिखट असं चारचौघांत सांगतात का?’’

‘‘मग काय, मरताना कुणाच्या कानात सांगू?’’

समोरच्या घरातली ऋतुजा तिची लाडकी. सविता वहिनींची मुलगी. लहानपणी ती शाळेतून आली की स्वतःच्या घरी दप्तर टाकायची आणि आक्काच्या घरी जेवायची. पुढे ती शिकायला पुण्याला गेली. हॉस्टेलवर गॅस नाही, शेगडी नाही, फक्त पाणी तापवायची विजेची किटली. आक्कानं त्या किटलीतलं जेवण सुरू केलं. शेवया, अंडी, मक्याची कणसं, मुगाची पातळ खिचडी. ती आधी आपल्या घरी तशीच किटली आणून करून बघायची, बिघडलं तर मला खायला द्यायची, आणि जमलं की ऋतुजाला आवाजाचा मेसेज पाठवायची. त्या मेसेजमध्ये मागे कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाला, आणि मधेच ‘‘थांब गं, मांजर आलं’’ असं सगळं असे. हॉस्टेलच्या मुली तो मेसेज एकमेकींना पाठवत. आक्काला न पाहिलेल्या किती मुलींनी तिच्या हातचं शिकून घेतलं, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही.

मग तिचे मालक गेले. दुखवट्याच्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून देतात. आमच्या घरची पाळी आली त्या दिवशी पिठलं मी केलं होतं. बायका तिच्याभोवती डोकी खाली घालून बसल्या होत्या, कुणीतरी तिला घास घ्यायला लावत होतं. तिनं एक घास घेतला, थांबली, आणि भरल्या डोळ्यांनी सगळ्यांकडे बघत म्हणाली, ‘‘पिठल्यात मीठ न्हाई. मालक माझं गेलं, तुमच्या जिभंला काय झालं?’’

कुणाला हसावं की रडावं कळेना. मी उठून मीठ आणून दिलं. तिनं ते पिठल्यात कालवलं आणि ताटलीतलं सगळं संपवलं. बाहेर आल्यावर एक बाई म्हणाली, अशा वेळीसुद्धा हिला चव सुचते. मला वाटलं, सुचते तेच बरं आहे.

मालक गेल्यावर कॉलनीत तिच्याशी वागण्यात काही बदललं आहे असं मला सुरुवातीला जाणवलं नव्हतं. फोन येत होते, बायका विचारायला येत होत्या. ऋतुजाचं लग्न ठरलं तेव्हा ते उघडं झालं.

आमच्याकडे लग्नात मुलीबरोबर रुखवत द्यायचं असतं. लाडू, करंज्या, चकल्या, अनारसे, सगळं घरच्या आणि शेजारच्या बायकांनी मिळून करायचं, कार्यालयात टेबलावर मांडायचं, आणि मग ते मुलीच्या सासरी जायचं. आक्कानं ऋतुजाला दहावीत असतानाच सांगून ठेवलं होतं, तुझ्या रुखवताचे अनारसे माझे. कोडोलीहून जुना तांदूळ सांगून ठेवला होता. एक दिवस मी तिची पातेली परत द्यायला गेलो होतो, तेवढ्यात सविता वहिनी मागच्या दारानं आत आल्या. मी होतो ते त्यांना आवडलं नसावं, पण बोलल्या.

‘‘आक्का, रुखवताचं मंगळवारपासून सुरू करतोय. तुम्ही या, खुर्चीवर बसा आणि नुसतं सांगत जा. म्हणजे… हात बायका लावतील.’’

‘‘का? माझं हात मोडल्यात?’’

‘‘तसं नाही हो. हातकणंगल्याहून आत्याबाई आल्यात. त्या म्हणतात, पाच सवाष्णींच्या हातानंच व्हायला पाहिजे. मला स्वतःला यातलं काही वाटत नाही.’’

‘‘तुला काय वाटत न्हाई, म्हणून मागच्या दारानं आलीस व्हय?’’

आक्का उठून उभी राहिली.

‘‘म्हंजी माझी जीभ सवाशीण आन् हात तेवढा रंडका? मी सांगायचं, आन् करायचं दुसरीनं? न्हाई सांगत जा.’’

‘‘आक्का, असं अभद्र बोलू नका. लग्नघर आहे.’’

‘‘मी बोललो ते अभद्र. तू सांगायला आलीस ते काय मग?’’

सविता वहिनी गेल्या. आक्कानं माझ्या हातातली पातेली घेतली आणि पालथी घातली. ती पहिल्यांदाच कुणाला सांगायला नाही म्हणाली होती, आणि तेही ऋतुजाच्या रुखवताला.

त्यानंतर तिनं सगळ्यांनाच सांगणं बंद केलं. फोन वाजायचा, ती उचलायची नाही. मी भिंतीवरून विचारलं, ‘‘आक्का, दोडक्याचं काय करू?’’ तर म्हणाली, ‘‘मोबाइलात बघ.’’ समोर लग्नघरात भांड्यांचे आवाज चालले होते, बायकांचा हसण्याचा आवाज यायचा, आणि ही पायरीवर पाय पसरून बसून समोर बघत राहायची. आत जायची नाही की नजर चुकवायची नाही. जणू तिनं तिथं बसून राहणं हेच काम लावून घेतलं होतं.

अनितानं एकदा तिच्याजवळ बसून सांगून बघितलं, ‘‘आक्का, आत्याबाई दोन दिवसांच्या पाहुण्या. ऋतुजाकडे बघून तरी जाऊ द्या.’’

‘‘तिच्याकडंच बघतोय की. उद्या तिच्यावर ही येळ आली तर तिनं कुठं बसायचं? खुर्चीवर?’’

अनिता घरी आली आणि वह्या तपासायला बसली. मग म्हणाली, ‘‘त्यांचं बरोबर आहे. मीच चुकीचं बोलायला गेले होते.’’

इकडे अनारसे बिघडले. सविता वहिनींकडे आक्कानं पूर्वी कधीतरी सांगितलेलं माप होतं, वाटीला वाटी, जेवढी तांदळाची पिठी तेवढा गूळ. ते त्यांनी तसंच्या तसं पाळलं. पण तेव्हाचा गूळ जुना आणि कोरडा होता. या वेळी गुऱ्हाळावरून ताजा, ओलसर गूळ आणला होता. अनारसा तुपात सोडला की पसरायचा, त्याला भोकं पडायची आणि बघता बघता नुसता चुरा तरंगायचा. तूप बदललं, आच कमी केली, कढई बदलली. लग्न परवावर आलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, विकत आणा. त्यावर ऋतुजा आईला म्हणाली, ‘‘आणा की विकत. मग मी पण विकतचंच टेबल मांडते, नाव घालते दुकानाचं. आक्काचा हात लागणार नसेल तर मला रुखवतच नको.’’

आणि ती रस्ता ओलांडून आक्काच्या पायरीवर येऊन बसली. भर दुपार होती, मी रजेवर घरीच होतो.

‘‘आक्का, चल.’’

‘‘तू नको बोलवूस. तुझ्या बोलण्यावर आलो तर पोरीनं हट्ट केला म्हणतील. आईला पाठव. आन् म्होरल्या दारानं.’’

‘‘ती येईल का पण?’’

‘‘न आली तर न आली. तू आलीस ते मी धरलं.’’

सविता वहिनी आल्या. भर उन्हात, मांडव घालणारे लोक बघत असताना, पुढच्या फाटकातून आल्या. त्यांच्या पदराला पीठ लागलं होतं. ‘‘आक्का, या. तुम्हीच करा,’’ एवढंच म्हणाल्या. आक्कानं दाराला कडी घातली आणि निघाली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘तू बी चल. कढई उचलायला गडीमाणूस लागंल.’’

म्हणून पुढचं मला माहीत आहे.

बायका स्वयंपाकघरात होत्या. आक्का म्हणाली, इथं न्हाई, सोप्यात शेगडी लावा. पुढच्या खोलीत, दार उघडं, जाणारा-येणारा बघेल अशा जागी ती पाट घेऊन बसली. आत्याबाई समोर सोफ्यावर होत्या. वयानं मोठ्या, नऊवारी नेसलेल्या, वाईट बाई नव्हे, पण ज्यात वाढल्या ते सोडायची सवय नसलेल्या.

‘‘अगं पण सविता, पाच सवाष्णींचा हात…’’

आक्कानं पिठाचा गोळा हातात घेतला. ‘‘ह्यो तुमच्या पाच सवाशिणींनीच मळलाय न्हवं आत्याबाई? बघा की त्यो तुपात काय करतोय.’’ आणि एक अनारसा थापून कढईत सोडला. सगळ्यांच्या देखत तो विरघळला. दारात थांबलेला मांडववाला पोटभर हसला. आत्याबाईंनी तोंड फिरवलं.

मग आक्का सविता वहिनींकडे वळली आणि तिचा तो प्रश्न आला, ‘‘घरात काय हाय?’’ भिजवून वाळवलेली पिठी संपली होती. नुसतं तांदळाचं भाकरीचं पीठ होतं. तिनं तेच आणायला लावलं, चाळून थोडं थोडं गोळ्यात जिरवलं, मधे मधे चिमूट तोंडात टाकून बघितली, आणि गोळा झाकून ठेवला. ‘‘आता त्याला बसू द्या जरा. तवर च्या करा.’’ चहा झाला. चार-पाच अनारसे तिनं थापून तळून बघितले, एक बिघडला, पीठ पुन्हा घातलं. मग एक तुपात गेला तो पसरला नाही, जाळी पडून वर आला. त्यानंतर आक्का संध्याकाळपर्यंत उठली नाही. हळूहळू बायका तिच्याभोवती येऊन बसल्या, कुणी खसखस पसरत होती, कुणी थापत होती, आणि ती सगळ्यांना मोठ्या आवाजात शिव्या घालत होती. बंद पडलेलं सगळं पुन्हा सुरू झालं होतं.

इथं थांबलो असतो तर बरं वाटलं असतं. पण लग्नात आणखी एक गोष्ट झाली.

कार्यालयात रुखवत मांडलं होतं. मुलाकडच्या बायका बघायला आल्या. मुलाची आई कागलची, हातात अनारसा घेऊन म्हणाली, ‘‘काय जाळी पडल्या! कुणी केल्यात?’’

आत्याबाई पटकन म्हणाल्या, ‘‘घरच्याच बायकांनी.’’

आक्का पलीकडे खुर्चीवर बसली होती. तिथूनच म्हणाली, ‘‘म्या केल्यात. रत्ना, कोडोलीची. मालक जाऊन दोन वर्सं झाली. खायाचं आसलं तर खावा पावणं, न्हाईतर ठेवा खाली.’’

सविता वहिनी टेबलावरची ताटं उगीच सारखी करू लागल्या. लग्न लागायचं होतं, मुलाकडची मंडळी समोर, आणि काहीही होऊ शकलं असतं. ऋतुजाच्या मोठ्या काकांनी माझा दंड धरला, जणू मी तिला आवरू शकणार होतो.

मुलाच्या आईनं हातातल्या अनारशाकडे पाहिलं, आक्काकडे पाहिलं, आणि अनारसा तोडून तोंडात घातला. चावत चावत आक्काच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. ‘‘माझी बी दुसरी पोरगी लग्नाची हाय,’’ ती म्हणाली. ‘‘येशीला?’’

‘‘बोलीवलं तर येतो की.’’

खरं लिहायचं तर सगळं लिहावं लागेल. त्या दिवशी सगळ्यांनी ते अनारसे खाल्ले नाहीत. जेवणं झाल्यावर खुर्च्यांखाली कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळलेले काही तसेच सापडले. आत्याबाईंनी शेवटपर्यंत हात लावला नाही. आक्कानं ते नॅपकिन पाहिले, गोळा केले आणि बाहेरच्या कुत्र्यांना घातले. ‘‘ह्येंला कळतंय,’’ म्हणाली.

कागलच्या बाईंनी शब्द पाळला. त्यांच्या दुसऱ्या मुलीचं लग्न निघालं आणि आक्काला न्यायला माणूस पाठवला. तिथलं रुखवत झाल्यावर ती तशीच कोडोलीला भावाकडे गेली, आणि तिथं छातीत दुखायला लागून गेली. आम्हाला फोनवर कळलं. त्यामुळे मी तिला शेवटचं पाहिलं ते कागलला निघताना.

दारात रिक्षा उभी होती. आत आक्का, मांडीवर तिची मोठी परात, वर पांढरं फडकं, शेजारी कढई. रिक्षावाला म्हणत होता, ‘‘आक्का, कागलात कढया मिळत न्हाईत व्हय?’’ आणि ती म्हणत होती, ‘‘तुज्या रिक्षाला ब्रेक हाय का त्यो बघ आधी, मग माझ्या कढईचं बोल.’’ समोरच्या गच्चीवर सविता वहिनी कपडे वाळत घालता घालता थांबल्या. शेजारच्या दोन-तीन दारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. मी भिंतीपाशी होतो. रिक्षा हलली तसा सगळ्यांनी हात हलवला. तिनं हलवला नाही. खड्ड्यांचा रस्ता होता, आणि दोन्ही हातांनी तिनं परात घट्ट धरली होती.